भौमिकबाबूंचं नाटक

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. नाही, राहू द्या, हसाच. हे ऐकून न हसलेला माणूस मला अजून भेटलेला नाही, आणि त्यात खुद्द पेशंटही आला.

तर मंडळी, मी एका माणसाच्या हार्ट अटॅकला शाबासकी दिलेली आहे. अक्षरशः. त्याच्या कानाशी वाकून, त्याच्याच भाषेत, 'फार छान चाललंय' असं म्हटलेलं आहे. कसं काय, ते सांगते. चहा घ्या, गार होतोय.

प्रसादची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, बँकेतून बदली झाली आणि आम्ही सांगलीहून कोलकात्याला आलो. सांगलीत मी एका हॉस्पिटलच्या क्वालिटी विभागात होते. क्वालिटी विभाग म्हणजे काय? डॉक्टर औषध देतात, सिस्टर इंजेक्शन देतात आणि आम्ही सूचना देतो. तेच काम मला इथे एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मिळालं.

कामापुरती हिंदी आणि इंग्रजी चालायची. पण मला हौस. मी बंगाली बोलायला लागले. माझी पद्धत अगदी सोपी होती. मराठी शब्द घ्यायचा, तोंडात गरम बटाटा असल्यासारखा त्यातला 'अ' गोल करायचा आणि आत्मविश्वासाने सोडून द्यायचा. बरेच शब्द लागू पडायचे. जे पडायचे नाहीत ते लोक सांभाळून घ्यायचे. बंगाली माणसाला कोणी त्याची भाषा बोलायचा प्रयत्न करतंय म्हटलं की इतका आनंद होतो की तो चुका दाखवतच नाही. हीच तर पंचाईत झाली.

आमच्या इमर्जन्सीत तेव्हा एकच नियम होता. ज्याचे नातेवाईक मोठ्याने ओरडतील त्याला आधी बघायचं. एकदा घशात इलिश माशाचा काटा अडकलेला एक गृहस्थ आला. बरोबर अख्खी गल्ली. सगळे डॉक्टर त्या काट्याभोवती, आणि बाकावर एक म्हातारी बाई श्वास लागून निळी पडत चाललेली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं, म्हणून ओरडलं कोणी नाही. ती वाचली, पण त्या दिवसापासून इमर्जन्सीचे प्रमुख डॉक्टर सान्याल यांची झोप उडाली.

सान्याल म्हणजे सडपातळ, हळू बोलणारे, कधीही न रागावणारे गृहस्थ. त्यांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "यापुढे आधी कोण आलं हे विचारायचं नाही. थांबायला लावलं तर कोण मरेल, हे विचारायचं."

यालाच ट्रायाज म्हणतात. दारातच एक टेबल. तिथे अनुभवी सिस्टर. आलेल्या प्रत्येकाची नाडी, बीपी, श्वास बघायचा आणि मनगटाला रंगीत पट्टा बांधायचा. लाल म्हणजे थेट आत. पिवळा म्हणजे थोडा वेळ चालेल. हिरवा म्हणजे बसा, पंख्याखाली पेपर वाचा, बोलावतो.

ऐकायला किती सोपं, नाही? त्या रंगांवर एक अख्खी बैठक गेली. या शहरात दोन मोठे फुटबॉल क्लब आहेत, एक लाल-पिवळा आणि एक हिरवा-मरून, आणि जन्माला आलेला प्रत्येक माणूस कुठल्या तरी एकाचा असतोच. सरावाच्या दिवशी आमच्याच एका वॉर्डबॉयने हिरवा पट्टा बांधून घ्यायला साफ नकार दिला. म्हणाला, हे घालून घरी गेलो तर बाबा जेवायला वाढणार नाहीत. सान्याल शांतपणे म्हणाले, की बेशुद्ध माणूस रंग विचारणार नाही आणि जो विचारेल त्याला घाई नाही असं समजा. बैठक संपली.

टेबलावर बसायच्या होत्या रत्नादी, आमच्या हेड सिस्टर. त्यांचा आवाज ऐकून ॲम्ब्युलन्सवाले सायरन बंद करायचे. ट्रायाजचं प्रशिक्षण त्या दिल्लीला जाऊन पहिल्या नंबराने करून आल्या होत्या, आणि हे त्या रोज कोणाला तरी सांगायच्या.

सगळं नीट चाललं होतं. इथे मला कल्पना सुचली.

मला कल्पना सुचली की प्रसाद चष्मा काढून डोळे चोळतो. तसे त्याने चोळले. पण मी ऐकते थोडीच? ट्रायाजच्या पहिल्या दिवशी ट्रस्टचे अध्यक्ष पाहणीला येणार होते. मी ठरवलं की त्याच वेळी एक खोटा पेशंट आत सोडायचा. कोणालाही सांगायचं नाही. रत्नादी त्याला ओळखतात का, लाल पट्टा बांधतात का, किती वेळात आत नेतात, हे अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर सिद्ध होईल. आणि हे कोणाच्या डोक्यातून आलं, हेही त्यांना आपोआप कळेल. खोटं कशाला बोलू?

सान्याल तयार नव्हते. मी इतकी मागे लागले की शेवटी हो म्हणाले, पण अट घातली. खऱ्या पेशंटला अडथळा झाला तर तिथल्या तिथे थांबवायचं, आणि त्या माणसाला सुई टोचायची नाही.

माणूस प्रसादनेच दिला. त्याच्या बँकेत तपनदा नावाचे एक कॅशियर होते, हावड्याला राहणारे. दरवर्षी त्यांच्या पाड्यातल्या, म्हणजे गल्लीतल्या, दुर्गापूजेच्या नाटकात ते शेवटच्या अंकात मरायचे, आणि लोक म्हणे फक्त त्यांचं मरण बघायला यायचे. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. कसे दिसतात म्हणून विचारलं तर प्रसाद म्हणाला, पन्नाशीचे, चष्मा, मिशी, खांद्याला झोळी.

आता तुम्हीच सांगा, कोलकात्यात हे काय वर्णन झालं?

म्हणून आम्ही खूण ठरवली. आल्यावर तपनदांनी माझ्याजवळून जाताना बोलण्याच्या ओघात 'नाटक' हा शब्द माझ्या कानावर घालायचा. बाकी कोणाला काही कळणार नाही.

तो दिवस उजाडला. मी कडक इस्त्रीची साडी नेसून ट्रायाजच्या टेबलाजवळ उभी. विळीने बोट कापलेल्या एका बाईंना रत्नादी हिरवा पट्टा बांधत होत्या आणि त्या बाई, मी आधी आले होते, म्हणून वाद घालत होत्या. एवढ्यात दारातून एक गृहस्थ आले. पन्नाशीचे. चष्मा, मिशी, खांद्याला झोळी.

आणि बरोबर बायको!

मी मनात म्हटलं, वा रे तपनदा, पदरची नटी घेऊन आले. आणि ती नटी तरी कसली! आल्या आल्या तिने तोंडाचा पट्टा सोडला. तिचं म्हणणं असं, की आज बराकपूरला तिच्या भावाकडे जेवायचं आमंत्रण आहे. भावाकडे जायचं म्हटलं की याला दर वेळी काहीतरी होतं. मागच्या वेळी कंबर धरली होती, त्याच्या आधी दाढ. आज पोटात जळजळ. काल रात्री लुच्या, त्या मैद्याच्या पुऱ्या, कोणी खाल्ल्या? सियालदाहून गाडी पकडायची सोडून हा टॅक्सीवाल्याला हॉस्पिटलात ने म्हणाला. हे सगळं नाटक आहे.

नाटक! माझे कान टवकारले. पण ते बायको बोलली होती. मी त्या गृहस्थांकडे बघितलं. ते बाकावर बसले होते. चेहरा पिठासारखा पांढरा. कपाळावर घामाचे थेंब असे दाटलेले, की मी थक्क झाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि अगदी खोल गेलेल्या आवाजात म्हणाले,

"आमि नाटोक कोरछि ना, दीदी."

मी नाटक करतोय ना, दीदी.

झालं. खूण पटली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी इकडेतिकडे बघितलं, त्यांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हटलं, "खूब भालो होच्छे." फार छान चाललंय.

त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ना, ते मी जन्मात विसरणार नाही. मला वाटलं, कलावंत आहे, भूमिकेत शिरलाय.

पण हे बायकोने ऐकलं. तिने लगेच पर्स उचलली. म्हणाली, ऐकलंस? हॉस्पिटलच्या दीदीसुद्धा म्हणताहेत तू छान आहेस. चल, अजून पुढची गाडी मिळेल. आणि तिने त्यांना दंडाला धरून उठवायला सुरुवात केली.

आता नाटक असं अर्ध्यावर सोडून कसं चालेल? अध्यक्ष यायचे होते. मी घाईघाईने दोघांनाही खाली बसवलं आणि त्या गृहस्थांना दिग्दर्शन केलं. म्हटलं, पोट नको, छाती धरा. पोट धरलंत तर आमच्या सिस्टरना गॅस वाटेल. ते बिचारे इतके गळून गेले होते की त्यांनी निमूटपणे हात पोटावरून उचलून छातीवर ठेवला.

तेवढ्यात रत्नादींनी मान वर केली. त्यांनी एकदाच त्या चेहऱ्याकडे बघितलं, कापलेलं बोट तसंच सोडलं आणि उठल्या. नाडी धरली. बीपी लावलं. मधुमेह आहे का विचारलं. आहे म्हणाले. दुखणं जबड्याकडे जातं का? जातं म्हणाले. मी मनात म्हटलं, अभ्यास करून आलाय हो. पुढच्या क्षणी त्यांच्या मनगटाला लाल पट्टा होता आणि स्ट्रेचर आत पळत होतं.

आणि नेमके त्याच वेळी अध्यक्ष दारातून आत आले. वयस्क मारवाडी गृहस्थ, कोलकात्यातच वाढलेले, कमी बोलणारे. मी त्यांना बाजूला घेऊन, आवाज खाली आणून सगळं सांगितलं. हा आपला माणूस आहे, नट आहे, ती बाईसुद्धा आपलीच. अध्यक्षांना फार कौतुक वाटलं. ते म्हणाले, "बाई कुठून मिळाली? अगदी घरच्यासारखी ओरडते."

मी नम्रपणे हसले. अहो, त्या क्षणी मला माझा स्वतःचाच अभिमान वाटत होता.

अध्यक्षांना चहाला बसवून मी आत गेले, परीक्षा संपली म्हणून सांगायला. बघते तर त्या गृहस्थांच्या शर्टाची बटणं उघडलेली, छातीवर वायरी, आणि एक सिस्टर दंडाला सुई लावत होती. मला अट आठवली. मी पुढे होऊन सान्यालांच्या कानात म्हटलं, "सर, सुई नको ठरलं होतं. पुरे आता, उठू द्या त्यांना."

सान्यालांनी हातातली ईसीजीची पट्टी माझ्यासमोर धरली. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

"सीमादी, माणूस नाटक करेल. हे करत नाही."

आणि माझा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडे प्रचंड हॉर्न आणि त्यातून मला बौदी, म्हणजे वहिनी, अशी हाक मारणारा एक भारदस्त आवाज. "बौदी, मी तपन बोलतोय. बस पुलावर अडकलीय, अजून हावड्याच्या बाजूलाच आहे. माझ्याशिवाय सुरू करू नका." आणि फोन कट झाला.

मी त्या स्ट्रेचरकडे बघत राहिले. हे तपनदा नाहीत. मग हे कोण? मी कोणाला छाती धरायला लावली?

सान्याल तोवर वर फोन करून अँजिओप्लास्टीची तयारी करायला सांगत होते. ते झाल्यावर त्यांनी मला विचारलं, की या पेशंटने तुम्हाला नक्की काय सांगितलं? मी शब्दन् शब्द सांगितला. आमि नाटोक कोरछि ना.

त्यांनी क्षणभर डोळे मिटले. "सीमादी, बंगालीत 'ना' शेवटी आला की त्याचा अर्थ 'नाही'. तो म्हणत होता, मी नाटक करत नाहीये."

आता आपल्या मराठीत बघा. येतोस ना, जेवलीस ना, करतोय ना. आपला 'ना' म्हणजे पक्का होकार. आणि त्यांचा तोच 'ना' म्हणजे सरळ नकार. इतके महिने मी इथे राहत होते, हे मला माहीत नव्हतं का? होतं हो. पण तो शब्द ऐकायला मी इतकी टपून बसले होते, की मला ऐकायचं होतं तेच ऐकलं.

लिफ्टमधून त्यांना वर नेलं. नाव कळलं, भौमिकबाबू. शाळेत भूगोल शिकवायचे. त्यांची बायको बाहेरच्या बाकावर बसली होती, आणि तिचा तो आवाज कुठल्या कुठे गेला होता. मी शेजारी जाऊन बसले. तिचा हात हातात घेतला. काही बोलायचं तर भाषा कुठली वापरावी तेच कळेना. शेवटी तीच म्हणाली, की मी त्यांना नाटकी म्हटलं हो. माझं शेवटचं बोलणं तेच ठरलं तर? मी मनापासून देवाला म्हटलं, हा माणूस वाचू दे, मी पुन्हा कल्पना म्हणून काढणार नाही.

वाचला. सान्यालांनी खाली येऊन सांगितलं, की रक्तवाहिनी मोकळी झाली, वेळेवर आले, आणि दारात एक मिनिट फुकट गेलं नाही म्हणून सगळं सोपं झालं. भौमिकबाबूंची बायको आधी रडली आणि मग तिने भावाला फोन लावून सांगितलं की जेवण झाकून ठेव. मी अध्यक्षांकडे गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्यांनी ते दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाले, की व्यवस्था उत्तम आहे, फक्त यापुढे तुम्ही तिच्यापासून थोडं लांब उभ्या राहत जा.

हे संपतंय तोवर खाली गलका झाला. जाऊन बघते तर दारात एक गृहस्थ आडवे पडून, छाती धरून तळमळत होते. पन्नाशीचे, चष्मा, मिशी, झोळी. तपनदा असतील? नक्की असतील. पण नसले तर? मी त्या क्षणी कोणालाही नट म्हणायला तयार नव्हते. खांबाआड उभी राहिले.

रत्नादींनी नाडी बघितली, बीपी बघितलं, श्वास बघितला आणि हिरवा पट्टा बांधला. त्या गृहस्थांना तो अपमान सहन झाला नाही. त्यांनी छाती सोडून तोंड वाकडं केलं, एक हात लुळा पाडला. रत्नादी म्हणाल्या, "आधी एक काय ते ठरवा. मग मला हाक मारा." आणि पुढच्या पेशंटकडे वळल्या.

बिचारे बाकावर जाऊन बसले. विळीवाल्या बाईंची मलमपट्टी होऊन त्या घरी गेल्या, तरी हे आपले तिथेच. शेवटी मी धीर करून जवळ गेले आणि हळूच विचारलं, तपनदा का? त्यांनी डोळे न उघडता उत्तर दिलं, "बौदी, तुमच्याकडे कलेची कदर नाही."

दोन दिवसांनी भौमिकबाबूंना वॉर्डात आणलं. मी माफी मागायला जायचं ठरवलं. हिंदीत नाही, बंगालीतच. रात्रभर वाक्यं पाठ केली. सकाळी गेले तर ते उशीला टेकून बसले होते, गालावर रंग आला होता. शेजारी बायको मोसंबी सोलत होती आणि रत्नादी बीपी बघत होत्या.

मी सगळं सांगितलं. तपनदा, खूण, 'ना', सगळं. भौमिकबाबू इतके हसले की रत्नादींना बीपीचा पट्टा काढून पुन्हा बांधावा लागला. ते म्हणाले, की त्या दिवशी तुम्ही 'फार छान' म्हणालात तेव्हा मला वाटलं, आपण वर पोचलो आणि स्वागताला कोणी तरी आलंय.

माझे डोळे भरून आले. किती मोठ्या मनाचा माणूस! वर्गात मुलं काय प्रेम करत असतील याच्यावर. मला वाटलं, नुसती माफी मागून जाणं बरं नाही, मनातला आदर बोलून दाखवावा. हे वाक्य पाठ केलेलं नव्हतं. पण माझी पद्धत होतीच. मी हात जोडले, पदर सावरला आणि म्हटलं,

"भौमिकबाबू, आमि आपनाके खूब आदोर कोरि."

शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी पेपर खाली केला. भौमिकबाबूंचे कान लाल झाले. रत्नादींनी माझा दंड धरला आणि पेशंटला आता विश्रांती हवी असं म्हणत मला दाराकडे ढकलायला सुरुवात केली. मला काही कळेना. मराठीतला साधा, सोज्वळ शब्द, काय चुकलं?

दारापाशी त्यांनी माझ्या कानात सांगितलं. बंगालीत 'आदर' म्हणजे लाड. कुरवाळणं. जवळ घेऊन पापे घेणं.

मी मागे वळून बघायची हिंमत केली. बायको मोसंबीची फोड हातात तशीच धरून माझ्याकडे बघत होती. मग ती नवऱ्याकडे वळली आणि अगदी विचारपूर्वक म्हणाली, "आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत हे म्हणायचं धाडस मला कधी झालं नाही."